संचालक मंडळाला खुलं पत्र: पुढचं नाव आत्ता सांगा

प्रिय सर, ताई आणि संचालक मंडळातले सगळे,

हे मी सभेतच बोलणार होते. पण विषयपत्रिकेवरचा सातवा विषय येईपर्यंत रात्रीचे सव्वादहा झाले, अर्ध्या लोकांचं लक्ष घड्याळाकडे, आणि 'संस्थेचे पुढील नेतृत्व' हा विषय सलग तिसऱ्या वर्षी 'सविस्तर चर्चेसाठी पुढील सभेत' असं लिहून बंद झाला. घरी आले, झोप येईना, म्हणून लिहायला बसले. उघड लिहितेय कारण हा प्रश्न मंडळातल्या सात जणांपुरता नाहीये, जे जे कामावरून सुटून थेट तालमीला येतात त्या सगळ्यांचा आहे. आणि आपल्यासारख्या गावोगावच्या कितीतरी नाट्यसंस्थांमध्ये हेच चाललंय हे मला चांगलं माहितीये, स्पर्धांच्या वेळी बॅकस्टेजची माणसं एकमेकांना भेटली की दुसरं काय बोलतात.

मी २१ वर्षं तुमच्याकडे लाइट करतेय. पहिली तीन वर्षं नुसत्या केबल गुंडाळल्या, मग डिमरवर, म्हणजे दिव्यांचा उजेड कमी-जास्त करायच्या यंत्रावर बसले, मग ऑपरेटिंग, आणि आता प्रकाशयोजना. मला कुठलंही पद नकोय हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचताना ती शंका नको. मला दिग्दर्शन जमत नाही, हिशोब तर त्याहून जमत नाही, मला बूथमध्येच बरं वाटतं. पण बूथमधून एक गोष्ट दिसते जी स्टेजवरून दिसत नाही. सगळे कुणाकडे बघून थांबलेत ते दिसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. सर, इतकी वर्षं संस्थेची जवळजवळ सगळी नाटकं तुम्हीच बसवताय, तर तुमच्यानंतर कोण हे तुम्ही असताना ठरवा, त्या माणसाला निर्णय घ्यायचा अधिकार तुम्ही असतानाच द्या, आणि दिल्यावर तो परत घेऊ नका.

गेल्या वर्षीचा तो शनिवार आठवा. म्हणजे तुम्हाला अर्धाच माहितीये, अर्धा आम्ही तुम्हाला कधी नीट सांगितलाच नाही. तुम्हाला सकाळी ॲडमिट केल्याचा फोन मला आला तेव्हा मी थिएटरवर होते, सेट लागला होता, फोकसिंग चालू होतं, प्रयोग साडेपाचचा. दुपारी एकपर्यंत कळलं की धोका टळलाय पण तुम्ही आयसीयूत आहात आणि कुणाला भेटता येणार नाही. मग प्रश्न आला, प्रयोग करायचा का? तुम्ही त्या नाटकात भूमिका करत नव्हता. सगळे नट हजर होते. तुमच्या सहायक दिग्दर्शिकेने दोन महिने जवळजवळ सगळ्या तालमी घेतल्या होत्या, तिला संहिता पाठ होती, नटांच्या हालचाली पाठ होत्या, कुठे पॉज खायचा नाही आणि कुठे घ्यायचाच हे सुद्धा. पण तिला कुणी विचारेना आणि ती कुणाला सांगेना. खजिनदार म्हणाले अध्यक्षांनी ठरवावं. अध्यक्षांना फोन केला तर ते म्हणाले हा कलाविषयक निर्णय आहे, सरांना विचारा. सर आयसीयूत. मुख्य नट म्हणाले सरांशिवाय कसं करायचं, बरं दिसत नाही. असं करत करत साडेचार वाजले, आणि मग कुणी निर्णय न घेता निर्णय झाला, म्हणजे बुकिंगच्या खिडकीवर 'आजचा प्रयोग रद्द' असा कागद लागला. तो कुणी लावला हे आजतागायत मला कळलेलं नाही.

एक शिक्षिका अकरावीच्या २२ मुलांना घेऊन आल्या होत्या. त्यातल्या बऱ्याच जणांचं ते आयुष्यातलं पहिलं नाटक असणार होतं. त्यांना दारातून परत पाठवायची वेळ आली तेव्हा मला राहवलं नाही, सेट तर उभाच होता, मी मुलांना स्टेजवर नेलं आणि दुसऱ्या अंकातली पहाट करून दाखवली, काळोखातून हळूहळू खिडकीतून येणारा उजेड, चार मिनिटांचा फेड आहे तो. मुलं गप्प बघत राहिली. नंतर एका मुलीने विचारलं, "मग आज नाटक का नाही?" मला उत्तर देता आलं नाही.

आणि सर, तुम्ही दहा दिवसांनी घरी आलात, आम्ही भेटायला आलो, तर तुम्ही पहिलं काय विचारलंत? "प्रयोग का केला नाही?" तुमच्या चेहऱ्यावर खरं आश्चर्य होतं, थोडा रागही होता. मी ते विसरू शकत नाही कारण त्या क्षणी मला कळलं की तुमच्या मनात आम्ही सगळे तयार होतो. तुमच्या हिशोबाने तुम्ही सगळं शिकवलेलं होतं. फक्त 'मी नसलो तर हिने ठरवायचं' हे एक वाक्य तुम्ही कधी कुणाला बोलला नव्हतात, आणि ते वाक्य नसल्यामुळे १६ माणसं तयार असून हात बांधून बसली.

आता लाइटचं उदाहरण देते कारण मला तेच येतं. तुम्हीच मला पहिल्या वर्षी शिकवलंत की क्यूशीट अशी लिहायची की तुला ताप आला तर दुसऱ्याला शो चालवता आला पाहिजे. कुठल्या वाक्यावर, कुठल्या हालचालीवर, किती सेकंदांत, कुठला डिमर किती टक्क्यांवर, सगळं. मी तसंच करते. तीन वर्षांपूर्वी मला खरंच ताप आला आणि नव्या मुलाने ८४ क्यूंचं, म्हणजे ८४ वेळा उजेड बदलायचं, नाटक चालवलं, दोन क्यू उशिरा पडले, प्रेक्षकांना कळलंही नाही. आपल्या संस्थेत लाइटचा बदली माणूस आहे, प्रत्येक मुख्य भूमिकेला बदली नट आहे, संगीताला आहे, फक्त निर्णयाला बदली नाहीये. थिएटरच्या तारखा कुणाशी बोलून मिळतात, लेखकाकडून प्रयोगाची परवानगी कुणाच्या नावावर आहे, सेन्सॉरचं प्रमाणपत्र कुठल्या फाइलमध्ये आहे, जुन्या नाटकांच्या संहितांवरच्या तुमच्या हाताच्या नोंदी कुठे आहेत, हे सगळं तुमच्या डोक्यात आणि तुमच्या घरातल्या एका कपाटात आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेही केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, तेव्हा आपण सगळेच हळहळलो. मला त्या रात्री सारखं तुमचं ते कपाट आठवत होतं.

केशवरावांचं नाव निघालंच आहे तर त्यांच्याच कंपनीची गोष्ट घ्या, तुम्ही आम्हाला तालमीत कितीदा सांगितली आहे. ललितकलादर्श त्यांनी १९०८ मध्ये काढली आणि १९२१ मध्ये ते गेले, वय जेमतेम ३१. गाणारा, नाव असलेला, ज्याच्या नावावर तिकीट विकलं जातं असा मालक अचानक गेल्यावर कंपनी तिथेच संपायला हवी होती. संपली नाही, कारण बापूराव पेंढारकर कंपनीतच होते, त्यांनी ती हातात घेतली, आणि लगेच पुढच्या वर्षी मामा वरेरकरांचं 'सत्तेचे गुलाम' केलं, म्हणजे नुसती जुनी नाटकं राखत बसले नाहीत, आपल्या काळाचं नाटक केलं. बापूराव १९३७ मध्ये गेले, मध्ये खंड पडला, आणि १९४२ मध्ये त्यांच्या मुलाने, भालचंद्र पेंढारकरांनी, कंपनी पुन्हा उभी केली. तीन माणसं, तिघांची गाण्याची आणि नाटकाची समज वेगवेगळी, पण कंपनीचं नाव तेच राहिलं. या गोष्टीतला बापूरावांचा भाग तुम्ही नेहमी घाईत सांगता, मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

त्याच काळातली दुसरी बाजूही आहे. गंधर्व नाटक मंडळी १९१३ मध्ये तिघांनी मिळून काढली, बालगंधर्व, गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे. काही वर्षांत टेंबे बाहेर पडले, मग बोडसही, आणि सगळा डोलारा एका माणसाच्या गळ्यावर आणि त्याच्या मोठ्या मनावर उभा राहिला. कलेत त्यांनी काही कमी केलं नाही, उलट खर्चाकडे बघितलंच नाही, कंपनी कर्जात गेली, बोलपट आले, आणि १९३० च्या दशकात तो कारभार थांबला. बालगंधर्वांच्या गाण्याबद्दल बोलायची माझी लायकी नाही आणि इथे तो विषयही नाही. माझं एवढंच म्हणणं आहे की हिशोब बघणारा आणि 'नाही' म्हणू शकणारा जोडीदार शेजारी असता तर ते गाणं कदाचित आणखी काही वर्षं स्वतःच्या कंपनीच्या स्टेजवर ऐकायला मिळालं असतं.

म्हणून मला दोन माणसांचं नेतृत्व हवंय असं वाटतं. एक कलेचं बघणारं आणि एक व्यवस्थेचं बघणारं, आणि कुणाचा शब्द कुठे शेवटचा हे कागदावर. हे काही मी शोधून काढलेलं नाही. मॉस्को आर्ट थिएटर कसं सुरू झालं ते तुम्हीच आम्हाला शिबिरात सांगितलं होतं, १८९७ च्या जूनमध्ये नट-दिग्दर्शक स्तानिस्लावस्की आणि नाटककार नेमिरोविच-दान्चेन्को दुपारी एका रेस्टॉरंटमध्ये भेटले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बोलत बसले, १८ तास. त्या बैठकीत ठरलं की संहितेच्या बाबतीत नेमिरोविचचा शब्द शेवटचा आणि सादरीकरणाच्या बाबतीत स्तानिस्लावस्कीचा. आणि नटांच्या खोल्यांपर्यंत बोलणं झालं होतं, पडद्यामागच्या माणसाला नीट जागा असली पाहिजे इथपर्यंत. (आपल्या मेकअप रूमच्या दाराला गेली चार वर्षं आतून कडी नाहीये, हे जाता जाता.) पुढे त्या दोघांचं फार बिनसलं, बोलणंसुद्धा तुटलं, तरी थिएटर चाललं. मला वाटतं चाललं ते यामुळेच की भांडण व्हायच्या आधी कुणाचं काय हे ठरलेलं होतं. आपल्याकडे सगळे एकमेकांवर इतकं प्रेम करतात की असं काही कागदावर लिहिणं म्हणजे अविश्वास वाटतो. त्या शनिवारी आपलं सगळं प्रेम तसंच्या तसं होतं आणि तरी प्रयोग झाला नाही.

व्यवस्था बघणारा माणूस म्हणजे कमी दर्जाचा, नट होता आलं नाही म्हणून तिकडे वळलेला, ही जी एक समजूत आपल्याकडे आहे ती कृपा करून मंडळाने आधी स्वतःच्या डोक्यातून काढावी. मुंबईची 'आविष्कार' ही नाट्यसंस्था १९७१ मध्ये सुरू झाली, छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये १९७४ पासून प्रयोग व्हायला लागले, आणि तिथून केवढी नाटकं आणि माणसं निघाली. त्या सगळ्यामागे वर्षानुवर्षं कारभार सांभाळणारे अरुण काकडे होते. नाव लावायचं तर दिग्दर्शकाचं लागतं, नटाचं लागतं, पण हॉल उघडा असणं, खुर्च्या लागलेल्या असणं, पुढच्या महिन्याचा कार्यक्रम ठरलेला असणं हे कुणीतरी करतं म्हणून प्रयोग होतो. आपल्याकडे हे काम आज तीन जण मिळून करतात, तिघींपैकी एकीलाही मंडळावर घेतलेलं नाही, आणि सभेत त्यांचा उल्लेख 'आपल्या कार्यकर्त्या' असा होतो.

आता ज्या गोष्टीबद्दल बोलताना मला सगळ्यात जास्त त्रास होतो ती. आपल्या सहायक दिग्दर्शिकेची. तिने आधीच्या पावसाळ्यात वरच्या छोट्या हॉलमध्ये एका नव्या लेखकाच्या संहितेचं अभिवाचन बसवलं होतं, चार नट, चार खुर्च्या, मला फक्त दोन स्पॉट दिले होते. हॉल भरला, लोक जिन्यावर बसले. नंतर तिने मंडळाला पत्र दिलं की हे मला मुख्य रंगमंचावर पूर्ण नाटक म्हणून करू द्या. उत्तर यायला पाच महिने लागले आणि उत्तर काय, तर प्रस्ताव चांगला आहे, सरांनी दिग्दर्शन करावं आणि तिने सहायक म्हणून राहावं. सर, मला माहितीये हे तुम्ही सुचवलेलं नव्हतं, तुम्ही त्या बैठकीला नव्हताच. पण तुम्हाला कळल्यावर तुम्ही हसलात आणि म्हणालात, बघू. त्या 'बघू' नंतर तिने डिसेंबरमध्ये संस्था सोडली. आता ती मालिकांसाठी काम करते, तिचं बरं चाललंय, मला फोन करते कधी कधी, तिने तुमच्याबद्दल एक वाईट शब्द आजवर काढलेला नाही. पण ते नाटक झालं नाही. आणि त्या लेखकाने पुढचं नाटक आपल्याला दिलं नाही.

मंडळातले लोक म्हणतात, तयार कोणी नाही. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. तयार म्हणजे काय? दिग्दर्शन न करता कोणी दिग्दर्शक म्हणून तयार कसं होणार? सर, तुमचं स्वतःचं पहिलं नाटक पडलं होतं, तुम्हीच सांगता, अकरा प्रयोग झाले आणि शेवटच्या प्रयोगाला पहिल्या तीन रांगाही भरल्या नव्हत्या. तेव्हाच्या अध्यक्षांनी तुम्हाला बोलावून काय सांगितलं? पुढच्या वर्षीचं नाटकही तूच कर. तुम्ही हा किस्सा त्यांच्याबद्दलच्या कृतज्ञतेने सांगता आणि दर वेळी तुमचा आवाज जड होतो. तुम्हाला पडायची मुभा मिळाली आणि ती मिळाल्यामुळे आपली संस्था उभी राहिली. ती मुभा तुमच्यानंतर आजवर एकालाही मिळालेली नाही. २१ वर्षांत मुख्य रंगमंचावर जी नाटकं झाली त्यातली दोन सोडून सगळी तुमची, आणि ती दोन बाहेरच्या पाहुण्या दिग्दर्शकांची.

दुसरं म्हणतात की सरांच्या नावावर बुकिंग होतं. होतं, खरंय. नवीन नाव लावलं तर पहिल्या वर्षी बुकिंग कमी होईल, हेही खरं असणार, आणि मंडळाने ते आधीच धरून बजेट करावं. दोन सीझन दोन्ही नावं लावा, सर मार्गदर्शक म्हणून जाहिरातीत राहू देत, प्रेक्षकांना सवय होऊ दे. पण प्रेक्षकांना सवय करायची तर कधीतरी सुरुवात करावी लागेल, आणि ती सर समोरच्या रांगेत बसलेले असताना केली तर प्रेक्षक त्यांच्या विश्वासावर नव्याला स्वीकारतील. ते नसताना केली तर तुलना करतील.

वॉशिंग्टनच्या अरेना स्टेजचं मी वाचलं. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या बाहेर शहराशहरांत जी कायमस्वरूपी थिएटरं उभी राहिली त्यातलं ते सुरुवातीचं, १९५० चं. झेल्डा फिचँडलर या बाईंनी ते बाकी दोघांबरोबर सुरू केलं आणि १९९१ पर्यंत चालवलं, म्हणजे चाळीस वर्षं, तुमच्यापेक्षाही जास्त. त्या थांबल्या तेव्हा त्यांच्या जागी डग्लस वेजर आले, जे तिथेच बरीच वर्षं काम करत वर आलेले होते. शिकागोच्या स्टेपेनवुल्फने तर २०२१ मध्ये दोघांना एकत्र कलादिग्दर्शक केलं आणि ती निवड त्यांच्या कलावंतांच्या समूहाने केली. आपल्याला त्यांच्यासारखे पगार देता येत नाहीत, कायमचे नट ठेवता येत नाहीत, ती तुलना मी करतच नाहीये. पण आतल्या माणसाला हळूहळू वर आणणं आणि निवड करताना सगळ्यांना विचारणं याला काही पैसे लागत नाहीत.

आणि विचारलं नाही तर काय होतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण पुण्यातच आहे, तुम्ही तर त्या काळात तिथे कॉलेजात होतात. पीडीएने, म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या नाट्यसंस्थेने, 'घाशीराम कोतवाल' १६ डिसेंबर १९७२ ला केलं, १९ प्रयोग झाले आणि संस्थेच्या अध्यक्षांनी नाटक थांबवलं. तरुण मंडळी बाहेर पडली आणि १९७३ च्या मार्चमध्ये त्यांनी थिएटर ॲकॅडमी काढली, पुढच्या जानेवारीत नाटक परत उभं केलं, नंतर ते कुठल्या कुठे गेलं ते सगळ्यांना माहितीये. थिएटर ॲकॅडमीचं भलं झालं, मराठी रंगभूमीचंही झालं. पण जुन्या संस्थेच्या बाजूने विचार केला तर तिची आख्खी एक पिढी एका निर्णयात दाराबाहेर गेली. मला त्यात बरोबर कोण होतं यात पडायचं नाही. पण हेही बघा की त्याच बाहेर पडलेल्या लोकांनी पुढे १९८५ ते १९९४ या काळात फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने महाराष्ट्रातल्या ठिकठिकाणच्या नाट्यगटांसाठी आणि नव्या नाटककारांसाठी योजना राबवल्या. म्हणजे स्वतः स्थिरावल्यावर त्यांनी दुसऱ्यांसाठी जागा करायचा विचार केला, आणि तोही मुंबई-पुण्याबाहेरच्या लोकांसाठी.

आपली सोडून गेलेली माणसं मात्र आवाज न करता जातात. कुणी नवी संस्था काढत नाही, कुणी पेपरात लिहीत नाही. आधी तालमीला उशिरा येतात, मग 'यंदा जमणार नाही' म्हणतात, मग ग्रुपवर फक्त वाढदिवसाला दिसतात. गेल्या सहा वर्षांत अशी नऊ माणसं गेलीत, मी बूथमध्ये बसून मोजलीत.

बायकांबद्दलही लिहायला हवं. डब्लिनच्या ॲबी थिएटरने २०१५ मध्ये पुढच्या वर्षीचा मोठा कार्यक्रम जाहीर केला, देशाच्या इतिहासातल्या महत्त्वाच्या घटनेची शताब्दी होती, आणि दहा नाटकांपैकी फक्त एक लेखिकेचं निघालं. तिथल्या नाट्यक्षेत्रातल्या बायकांनी इतका आवाज उठवला की नोव्हेंबरमध्ये त्याच थिएटरात त्यांची जाहीर सभा भरली आणि संचालकांना चूक मान्य करावी लागली. मी ते वाचलं आणि आपली जुनी माहितीपत्रकं काढून बसले. लेखिकेचं नाटक आपण शेवटचं कधी केलं हे तुम्ही स्वतः काढून बघा, मी इथे लिहीत नाही. सात जणांच्या मंडळात ताई एकट्या आहेत, आणि ताई, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगते, तुमच्याकडे कायम स्वागत समिती आणि कपडेपट येतो. तुम्ही तुमच्या काळात ज्या भूमिका केल्यात त्या बघून मी या संस्थेत आले. तुम्ही एकदा तरी नाटक निवडायच्या बैठकीत टेबलावर हात आपटावा असं मला फार वाटतं.

मग मी नक्की काय मागतेय? येत्या सर्वसाधारण सभेच्या आत एक कलाविषयक प्रमुख आणि एक व्यवस्थापन प्रमुख अशी दोन नावं ठरवा, आतल्या सगळ्यांना विचारून, ज्यात मेकअपवाले, सेट उभारणारे आणि तिकीट विकणारेही आले. नाव ठरलं की नाटक निवडणं, नट निवडणं आणि ठरलेल्या बजेटमध्ये खर्च करणं हे त्यांच्यावर सोडा, किमान तीन वर्षं, आणि पहिलं नाटक पडलं म्हणून दुसरं काढून घेऊ नका. मंडळाने हिशोब तपासावा, कायद्याचं बघावं, देणग्या आणाव्यात, थिएटरशी भांडावं, तालमीत येऊन मागच्या खुर्चीवरून नटांना सूचना देऊ नयेत. बॅकस्टेजच्या माणसाला मंडळावर एक जागा द्या, मतासकट. कपाटातलं सगळं स्कॅन करा, हे काम मी आणि लाइटचा मुलगा करायला तयार आहोत, दोन महिने रविवार देतो.

आणि सर, तुम्ही. तुम्ही कुठेही जायचं नाहीये. तुम्ही नटाला वाक्य कसं उघडायचं शिकवता तसं शिकवणारं माणूस मी दुसरं बघितलं नाही. मागच्या महिन्यात तुम्ही त्या नव्या मुलाला फक्त एवढंच सांगितलंत की हे वाक्य आईला म्हणू नकोस, रिकाम्या खुर्चीला म्हण, आणि तो सगळा प्रवेश बदलला, मी बूथमध्ये बसून माझा लाइट बदलला त्यामुळे. मला तुमचं ते हवंय, आणखी खूप वर्षं. थिएटरच्या तारखांसाठी तुम्ही रात्री बारा वाजता फोनवर अजीजी करता, लाइटबिलावर सही करायला तालीम सोडून उठता, ते नकोय. शनिवारी सकाळी छातीत दुखत असताना तुम्ही आधी ट्रकवाल्याला फोन केलात आणि मग डॉक्टरांना, हे मला तुमच्या मुलीने सांगितलं. तुमचा तो वेळ आणि ती ताकद शिकवण्यात जाऊ दे. फक्त नव्या माणसाने तुमच्यापेक्षा वेगळा निर्णय घेतला तर तालमीत सगळ्यांसमोर मान हलवू नका. तुमच्या एका मान हलवण्याने आख्खा ग्रुप थांबतो, मी २१ वर्षं बघतेय.

कुणाचं नाव सुचवायचं ते मी या पत्रात लिहीत नाही, ते सभेत बोलेन. पण सोडून गेलेल्या एकीला परत बोलवावं असं मला वाटतं, आणि बोलावणारा फोन संस्थेच्या ऑफिसातून न जाता तुमच्याकडून जावा. तिचा नंबर तोच आहे.

चालू नाटकाच्या क्यूशीटच्या मी काल तीन प्रती केल्या. एक बूथमध्ये आहे, एक लाइटच्या मुलाकडे, तिसरी पाकिटात घालून ऑफिसच्या टेबलावर ठेवली आहे, वर 'मंडळासाठी' असं लिहिलंय. पुढच्या शनिवारी साडेपाचला प्रयोग आहे. त्या शिक्षिकांना मी फोन केला होता, त्या मुलं घेऊन येणार आहेत, यंदा ३० आहेत.

तुमची,
बूथमधून